नाव घातलेली भांडी

आम्ही चौघी एकाच वर्षी शाळेत गेलो, एकाच वर्षी दहावी झालो आणि चौघींचीही घरे आज वाईतच आहेत. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर तासभर बसावे, घरोघरची सुखदुःखे सांगावीत आणि दिवे लागले की उठावे, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या डिसेंबरात मात्र त्या गप्पांचा सूर बिघडला होता. सुमनचा गंगापुरीतला जुना वाडा पाडून तेथे इमारत बांधायची, हे तिच्या मुलाने ठरवले होते. कागदपत्रे झाली होती. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली काढून गोणपाटांत बांधून ठेवली होती आणि सोमवारी मोड घेणारा यायचा होता. सुमन तक्रार करत नव्हती. पण बोलता बोलता मध्येच थांबायची आणि नदीकडे बघत राहायची.

"चला, एक दिवस कुठेतरी जाऊन येऊ," नलू म्हणाली. कुठे, यावर बरीच चर्चा झाली. देवदर्शने सगळ्यांची झाली होती. शेवटी शकूने पुण्याच्या केळकर संग्रहालयाचे नाव काढले आणि आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो. वाईहून पुणे दोन-अडीच तासांच्या वाटेवर. आमचे निम्मे नातेवाईक तेथे. पण आमचे पुणे म्हणजे स्वारगेट, तुळशीबाग, कुणाचे लग्न नाहीतर कुणाचा दवाखाना. शुक्रवार पेठेतले ते संग्रहालय चौघींपैकी एकीनेही पाहिलेले नव्हते. शुक्रवारचा दिवस ठरला.

सकाळच्या एस.टी.त अर्ध्या तिकिटाच्या आनंदात आम्ही शाळकरी मुलींसारख्या शिरलो. सुरूरच्या फाट्यावरून गाडी महामार्गाला लागली, खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि खंडाळ्याकडचे माळ दिसू लागले. माझ्या सासूबाईंचे माहेर याच टापूतले. गाडी तेथून जाताना मी एरवी खिडकीबाहेर पाहते. त्या दिवशी का कोण जाणे, पिशवीतले शेंगदाणे सगळ्यांना वाटत राहिले.

तिकिटाच्या खिडकीपाशी सुमनने पाटी वाचली, "राजा दिनकर केळकर संग्रहालय", आणि विचारले, "कुठल्या संस्थानचा गं हा राजा?"

आम्ही हसलो नाही, कारण आमच्यापैकी दोघींचा समज तसाच होता. मराठी शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मला उत्तर ठाऊक होते. हा राजा कुठल्याही संस्थानचा नव्हे. राजा हे एका मुलाचे नाव. दिनकर गंगाधर केळकर यांचा हा मुलगा लहान वयातच गेला आणि त्याचे नाव वडिलांनी आपल्या संग्रहालयाला दिले. केळकरांचा जन्म १८९६ चा. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला आणि तो पुढे आयुष्यभर सुटला नाही. पत्नी कमलाबाई यांचीही त्या कामात साथ होती. देशभर हिंडून त्यांनी २० हजारांहून अधिक वस्तू गोळा केल्या आणि तो सारा संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० साली ते गेले.

मी हे वर्गात सांगावे तसे सांगून टाकले. सुमन एवढेच म्हणाली, "म्हणजे पोराचं नाव राहावं म्हणून." आणि आत गेली.

संग्रहालय म्हटले की आपल्या मनात सिंहासने, तलवारी, राजांच्या तसबिरी उभ्या राहतात. शस्त्रे येथेही आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून उभे केलेले दालनही आहे आणि तेथे आम्ही बराच वेळ रेंगाळलो. पण या घराचा जीव दुसरीकडे आहे. अडकित्ते, दौती, कुंकवाचे करंडे, पानाचे डबे, फण्या, कुलपे, अंघोळीच्या वेळी टाचा घासायच्या वज्री, टांगायचे आणि ठेवायचे दिवे: ज्या वस्तूंवाचून घर चालत नाही आणि ज्यांच्याकडे घरात कुणी मुद्दाम पाहत नाही, त्या येथे काचेच्या कपाटांत मांडल्या आहेत. सुपारी कातरायला दोन पाती पुरेत. पण घडवणाऱ्याने त्या पात्यांना पोपट केले आहे, घोडा केले आहे. टाच घासायला खरखरीत तळ पुरे. पण त्याच्या वर मोर बसवला आहे. पोटापुरते काम झाल्यावर माणसाचा हात थांबलेला नाही, हे प्रत्येक कपाट सांगत होते. लोकांना जवळचे नीट दिसावे म्हणून चष्मे देणाऱ्या माणसाला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कुणालाच न दिसणाऱ्या या वस्तू दिसल्या, याचे मला फार अप्रूप वाटले.

नलू आणि शकू यांना तर माहेरी आल्यासारखे झाले. "ही आमच्याकडे होती", "ही आजीकडे होती, पण हिच्यापेक्षा मोठी", असे मोठ्याने चालले होते. शेवयांचा साचा पाहून शकूने पाट, त्यावर बसून दाबणारी आत्या आणि अंगणातल्या खाटेवर वाळणाऱ्या शेवया असा सगळा उन्हाळा उभा केला. शेजारून जाणारी दोन तरुण मुले ते ऐकायला थांबली. पाटीवर नसलेली माहिती त्यांना फुकट मिळत होती.

सुमन मात्र गप्प होती. स्वयंपाकघरातल्या भांड्यांपाशी आल्यावर ती एका मोठ्या पितळी भांड्यापुढे उभी राहिली. मान तिरकी करून तिने त्याचा काठ पाहिला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिला.

"काय शोधतेस?" मी विचारले.

"नाव," ती म्हणाली. "कुणाचं गं हे?"

जवळच्या पाटीवर धातू कोणता, प्रांत कोणता, हे लिहिलेले होते. काठावर नाव असलेच, तर ते आमच्या बाजूला नव्हते. सुमनचा प्रश्न इतका साधा होता की त्याला उत्तर नसावे याचे आश्चर्य वाटले. हे भांडे घडवणारा कोण, हे आपल्याला कळत नाही, ते एक वेळ समजू शकते. पण ज्या बाईने हे रोज घासले, चुलीवर चढवले, सणाला चिंच लावून लखलखीत केले, तीही कुठे नव्हती. वस्तू राहिली होती आणि तिच्याभोवतीचे माणूस गळून पडले होते. त्या दालनात मला एकाएकी उभे राहवेना. सुमनच्या प्रश्नाने माझ्या मनातला एक जुना झाकलेला कोपरा उघडा केला होता.

दुपारी जवळच्याच एका खाणावळीत जेवायला बसलो. समोर स्टीलची ताटे आली आणि मी बोलू लागले. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत घाटावर कधी सांगितली नव्हती.

माझे लग्न १९८१ चे. घरात भांडी सगळी तांब्यापितळेची. आजच्या मुलींना त्यांची शोभा दिसते. आम्हांला त्यांचे काम दिसे. पितळेच्या भांड्यात ताक, आमटी, काही आंबट राहिले की ते कळकायचे. म्हणून भांड्यांना आतून कल्हई हवी. कल्हईवाला यायचा, भाता मांडायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा, आणि काळवंडलेले भांडे आतून चांदीसारखे निघायचे. पाहायला मौज होती. पण काही महिन्यांनी ती कल्हई उडायची. बाहेरून घासायला राख आणि चिंच. शाळेची नोकरी, दोन लहान मुले आणि ती जड भांडी यांत माझे मनगट भरून यायचे. स्टील आले तेव्हा ते आम्हांला सुटका म्हणूनच आले. त्याला कल्हई नको, चिंच नको. हलके, आणि कायम चकचकीत. १९८६ च्या दिवाळीपूर्वी मी घरातली बहुतेक जुनी भांडी मोडीत घातली. वजन झाले, घट धरली गेली आणि आलेल्या पैशांत भर घालून मी स्टीलचा पुरा संच आणला.

त्या भांड्यांत एक परात होती. सासूबाई तिच्यात भाकरीचे पीठ मळत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी ती माझ्यापुढे धरली होती. "तू शिकलेली आहेस. यावर काय लिहिलंय ते वाच बरं." त्यांना अक्षरओळख नव्हती. काठावर टोच्याने ठिपके मारून अक्षरे काढलेली होती. मी वाचले: "चि. चंद्रभागा हीस मामाकडुन १९४३."

घरात त्यांचे नाव सरस्वती. लग्नात नाव बदलायची रीत. रेशनकार्डावर, मतदारयादीत, सगळीकडे सरस्वतीच. चंद्रभागा हे त्यांचे माहेरचे नाव आहे, हे मला त्या काठावरून कळले. मी नव्या नवलाईने हसून म्हणाले, "आई, यात चूक आहे. 'डु' ऱ्हस्व काढलाय, तो दीर्घ हवा."

त्या दचकल्या. "म्हणजे नाव चुकलंय का?"

"नाही, नाव बरोबर आहे."

"मग झालं," असे म्हणून त्यांनी परात परत घेतली आणि त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. पुढे पाच वर्षे मी ते पाहत होते. पीठ मळून झाले की परात धुताना त्यांचा अंगठा त्याच जागेवरून एकदा जायचा. वाचता येत नसले तरी नाव नेमके कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होते.

मोड घेणारा गेल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "नाव घातलेली परातही गेली का?" मी "हो" म्हणाले आणि नवी परात त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलून पाहिली. "हलकी आहे," म्हणाल्या. १९९४ साली त्या गेल्या. तोवर त्या परातीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

माझे बोलणे संपले तेव्हा ताटांतली भाजी गार झाली होती. नलूने माझ्या हातावर हात ठेवला. "अगं, सगळ्यांनीच विकलं. आमच्याकडचा बंब गेला, घंगाळं गेलं. तेव्हा कुणाला काय माहीत?"

शकूचा स्वभाव पहिल्यापासून रोखठोक. ती म्हणाली, "बाकीच्यांना माहीत नव्हतं, ते खरं. हिनं वाचलं होतं."

नलूला ते लागले, मला नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःला जे सांगू शकले नव्हते, ते शकूने एका वाक्यात सांगितले होते. तांबे आणि पितळ गेल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्या भांड्यांनी कितीतरी बायकांचे हात झिजवले, हे विसरून त्यांचे गोडवे गाणे खोटे होईल. पण त्या घरात चंद्रभागा हे नाव एकाच ठिकाणी लिहिलेले होते. ते वाचता येणारी मी होते, त्यातला ऱ्हस्व-दीर्घ काढणारी मी होते, आणि मोडीत घालणारीही मीच. भांडे जाऊ द्यायचे होते, तर निदान ते नाव एखाद्या कागदावर उतरून घ्यायला काय हरकत होती? दोन मिनिटांचे काम. मला ते सुचले नाही, कारण पुस्तकात छापलेले असते तेवढेच लेखन, असे मी धरून चालले होते. परातीच्या काठावरही इतिहास लिहिलेला असतो, हे मला मराठीच्या कुठल्याही परीक्षेत कुणी विचारले नव्हते.

पूर्वी आपल्याकडे भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची पद्धत होती. पंगतीला, लग्नाला भांडी एकमेकांकडे जात. ती ओळखून परत यावीत, हा त्यातला व्यवहार. पण त्या व्यवहाराच्या आडून कितीतरी गोष्टी लिहिल्या गेल्या. कुणी कुणाला आहेर केला, कुणाच्या स्मरणार्थ काय दिले, कुणाचे लग्न कोणत्या साली झाले. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव चढले नाही, दारावरच्या पाटीवर ज्यांना जागा मिळाली नाही, अशा बायकांची नावे तांब्यांवर आणि पातेल्यांवर होती. ती आपण किलोच्या भावाने विकली, आणि विकताना ती वजनात धरली गेली नाहीत.

जेवणानंतर पुन्हा संग्रहालयाच्या दाराशी आलो. रिक्षा मिळेपर्यंत मी ती पाटी पुन्हा वाचली. ज्या माणसाने कवितेसाठी स्वतःचे नाव 'अज्ञातवासी' घेतले, त्याने दारावर मुलाचे नाव लावले. आत हजारो वस्तू आहेत आणि त्या कुणाच्या होत्या, हे बहुतेकींना सांगता येत नाही. मात्र त्या सगळ्या मिळून एका लहान मुलाचे नाव सांगतात. कुठल्या संस्थानचा राजा, असे विचारणारी सुमन खरे म्हणजे फारशी चुकली नव्हती. एवढ्या पसाऱ्याचा धनी तोच.

परतीच्या गाडीत फारसे बोलणे झाले नाही. घाट चढून गाडी उतरणीला लागली तेव्हा सुमन म्हणाली, "उद्या दुपारी येता का तिघी? येताना वही आण."

शनिवारी आम्ही वाड्याच्या मागच्या पडवीत गोणपाटे सोडली. नलूने चिंच भिजवून आणली होती. भांड्याचा काठ चिंचेने चोळायचा, पाणी ओतायचे, उजेडाकडे धरायचे. शकू वाचायची आणि मी लिहायचे. "कै. आईचे स्मरणार्थ." "सौ. लक्ष्मी हीस बंधूकडून." काही ठिकाणी फक्त आद्याक्षरे, काही ठिकाणी सालच तेवढे. दोन भांड्यांवरची अक्षरे घासून घासून इतकी सपाट झाली होती की बोटालाच काय ती कळत. डोळ्यांना दिसत नव्हती. त्यांच्यापुढे मी वहीत रेघ मारली.

एका लहानशा तपेल्यावर "सौ. यमुना" असे होते. सुमन विचारात पडली. सासरच्या चार पिढ्यांची नावे तिला पाठ. त्यांत यमुना नव्हती. तिने मुंबईच्या थोरल्या नणंदेला फोन लावला. वन्सं ऐंशीच्या पुढच्या. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, "ती वडिलांची पहिली बायको. बाळंतपणात गेली. आमच्या घरात तिचं नाव कुणी काढत नसे."

सुमनने फोन ठेवला. या घरात तिने ४३ वर्षे संसार केला होता. भिंतीवरच्या तसबिरींना दर दसऱ्याला हार घातले होते. त्यांत ही बाई नव्हती. तिने ते तपेले पुन्हा एकदा घासले, पुसले आणि गोणपाटात न टाकता आपल्या उशाशी ठेवले.

सोमवारी मोड घेणारा आला. नव्या घरात ठेवायला जागा नाही, ही गोष्ट खरीच होती. सुमनने तीन भांडी मागे ठेवली. बाकीची वजन करून दिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. वही तिने कपाटात कागदपत्रांच्या पिशवीत ठेवली, घराच्या करारनाम्याच्या शेजारी.

ती वही तिला देण्यापूर्वी, रविवारी रात्री, मी शेवटचे पान उघडले होते. यादीशी त्याचा संबंध नव्हता. परवानगी मी नंतर मागितली. सुमनच्या घरातल्या नावांपासून चार ओळी सोडून मी लिहिले: "चि. चंद्रभागा हीस मामाकडुन १९४३."

'डु' ऱ्हस्वच ठेवला.